उसन्या उजेडातले जेलीफिश

जेलीफिशच्या दालनात मी काचेला लेन्स टेकवून उभी होते आणि शेजारी सहा-सात वर्षांची एक मुलगी आजोबांचा हात धरून त्याच टाकीकडे पाहत होती. टाकीतला उजेड ठरावीक वेळाने बदलत होता. निळ्याचा जांभळा होई, जांभळ्याचा गुलाबी, मधे एक हिरवट छटा येऊन जाई आणि पुन्हा निळा. मुलीने विचारले, "आजोबा, याचा खरा रंग कोणता?" आजोबा म्हणाले, "निळा. बघ ना, निळाच दिसतोय." "पण मघाशी तो गुलाबी होता." "मग गुलाबी असेल." मुलगी क्षणभर थांबली आणि तक्रारीचा सूर अजिबात न लावता तिने निकाल देऊन टाकला, "म्हणजे तुम्हांला माहीत नाही." आजोबा मोकळेपणाने हसले आणि दोघे पुढच्या टाकीकडे निघून गेले. मला मात्र त्या टाकीपासून हलता येईना. तोवर माझ्या कार्डात त्याच जेलीफिशची निळी, जांभळी आणि गुलाबी अशी पुष्कळ छायाचित्रे साठली होती, आणि त्यांतले त्या प्राण्याचे छायाचित्र कोणते असे तिने मला विचारले असते, तर माझीही अवस्था आजोबांहून फारशी वेगळी झाली नसती.

मत्स्यालयात कॅमेरा घेऊन जाणारे बहुतेक लोक शेवटी जेलीफिशच्या दालनात रेंगाळतात, आणि त्याचे कारण उघड आहे. मासे पळतात, वळतात, खडकामागे दडतात आणि नेमक्या क्षणी पाठ फिरवतात. जेलीफिशला पाठही नाही आणि घाईही नाही. दालनात काळोख असतो, पंपांची एकसुरी घरघर चालू असते, हवेत दमट खारटपणा असतो, आणि त्या काळोखात एक उजळलेली खिडकी आपली वाट पाहत असल्यासारखी दिसते. भुरळ पडायला एवढे पुरेसे आहे. पहिल्यांदा फोटो काढणाऱ्याला वाटते की विषय इतका देखणा आहे, तर छायाचित्र आपोआप चांगले येईल. प्रत्यक्षात पडद्यावर उमटते ते काचेतले स्वतःचेच प्रतिबिंब, मागच्या दारावरचा हिरवा दिवा, कोणाच्या तरी तळहाताचा ओलसर ठसा, आणि या सगळ्यांच्या पलीकडे कुठेतरी एक पांढुरका डाग.

या काचेशी जुळवून घेणे हेच निम्मे काम आहे. ती बहुधा काच नसतेच. जाड अ‍ॅक्रिलिक म्हणजे पारदर्शक प्लास्टिक असते, आणि तिरकस कोनातून पाहिले की त्यातून दिसणाऱ्या कडा विस्कटतात, रंगांच्या बारीक किनारी सुटतात. म्हणून लेन्स काचेला अगदी काटकोनात, शक्य तर रबरी हूड लावून टेकवायची. आपण काळे किंवा गडद कपडे घालायचे, कारण पांढरा सदरा प्रतिबिंबात छायाचित्रकाराच्याही आधी हजर होतो. फ्लॅश वापरायचा नाही. बऱ्याच ठिकाणी त्याला मनाई असते आणि असायलाही हवी. पण मनाई नसली तरी त्याने हाती काही लागत नाही, कारण तो उजेड काचेवरून उलट आपल्याच डोळ्यांत येतो आणि जे थोडे पाण्यात शिरते ते पाण्यातल्या प्रत्येक कणाला उजळवून पार्श्वभूमीवर पांढरी पुटकुळी उठवते. पोलरायझर लावून प्रतिबिंब घालवावे असे काही जण सुचवतात. मला तो उपाय पटलेला नाही. आधीच अपुरा असलेला उजेड त्यात आणखी घटतो, आणि अ‍ॅक्रिलिकमधल्या ताणाचे रंगीत पट्टे मात्र कधीकधी उठून दिसू लागतात.

मग उरतो तो उजेडाचा हिशेब. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र. ते जितके उघडता येईल तितके उघडायचे, शटर १/२०० सेकंदाच्या आसपास ठेवायचे आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता दाखवणारा आकडा, वाढवावा लागला तर वाढवायचा. दाणेदारपणा परवडतो, हललेली कडा परवडत नाही. कॅमेऱ्याच्या मोजणीवर येथे विसंबता येत नाही. चौकटीचा बहुतेक भाग काळा पाहून कॅमेरा समजतो की उजेड कमी पडतो आहे, आणि तो भरून काढण्याच्या नादात प्राण्याच्या नाजूक छत्रातला सगळा तपशील पांढरा करून टाकतो. म्हणून मोजणीपेक्षा थोडे अंधारेच काढायचे. एलईडी दिव्यांचे आणखी एक दुखणे असते. डोळ्यांना स्थिर भासणारा त्यांचा प्रकाश कित्येकदा वेगाने उघडझाप करत असतो, आणि शटर फार वेगवान ठेवले, त्यातही ते इलेक्ट्रॉनिक असले, तर छायाचित्रावर आडवे काळे पट्टे उमटतात. हे सगळे सावरले तरी फोकस सापडेलच असे नाही, कारण कॅमेऱ्याला पकडायला काहीतरी कडा लागते आणि हा प्राणी जवळपास कडेशिवायचा आहे. मी छत्राच्या किनारीवर, जिथे बारीक स्पर्शिकांची झालर सुरू होते तिथे, हाताने फोकस लावते आणि प्राणी त्या अंतरावर येईपर्यंत थांबते.

हे थांबणे मला सर्वांत आवडते. मून जेली नावाने ओळखला जाणारा जेलीफिश छत्र आकसतो, पुढे सरकतो, छत्र सैल सोडतो आणि मग क्षणभर काहीच करत नाही. पुष्कळ दिवस मी त्या काहीच न करण्याला विश्रांती समजत होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या विरामाचा छडा लागला. सैल होणारे छत्र आपल्या लवचिकपणाने मूळ आकारात येताना खालच्या पाण्यात एक भोवरा तयार होतो आणि तो भोवरा प्राण्याला स्नायूंच्या कोणत्याही श्रमाविना आणखी पुढे ढकलतो. प्रत्येक ठेक्यामागे सुमारे ३० टक्के अधिक अंतर त्याला असे फुकट मिळते. हे वाचल्यानंतर माझे बटण दाबण्याचे क्षण बदलले. आधी मी पूर्ण आकसलेले छत्र टिपायची, कारण त्यात जोर दिसतो. आता मला तो विराम हवा असतो, छत्र पुरते उघडलेले आणि स्पर्शिका मागे रेंगाळलेल्या. छायाचित्रात हे कोणालाच कळत नाही. पाहणाऱ्याला दोन्ही आकार सारखेच सुंदर दिसतात. पण आपण नेमके कशावर बोट ठेवले हे आपल्याला ठाऊक असणे, यात एक खासगी समाधान आहे आणि ते मी कोणाला पटवून देण्याच्या भानगडीत पडत नाही.

चौकटीत दिसणाऱ्या रिकामेपणाबद्दलही माझा असाच एक भ्रम होता. जेलीफिशच्या छायाचित्रात बाकी काही नसते; खडक नाही, तळ नाही, कोपरा नाही, फक्त अथांग निळाई आणि तीत एक प्राणी. मला वाटायचे, हे समुद्राचे रिकामेपण आहे. खरे तर ते फार विचारपूर्वक बांधलेले असते. जेलीफिश खुल्या समुद्रात कशालाही न अडखळता वाहत जाण्यासाठी घडला आहे. भिंत म्हणजे काय हे त्याच्या शरीराला माहीत नाही. चौकोनी टाकीत तो कोपऱ्यात अडकतो, घासतो आणि फाटतो. पाणी उपसणाऱ्या जाळीकडे खेचला गेला तर तिला चिकटून मरतो, आणि हवेचे बुडबुडे छत्राखाली शिरले तर त्यांनीही इजा होते. वुल्फ ग्रेव्हे या जर्मन संशोधकाने १९६०च्या दशकात प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे बारीक जीव, जिवंत ठेवण्यासाठी गोल टाकी रचली. तिच्यात पाणी हळूहळू चक्राकार फिरत राहते आणि प्राणी भिंतीपासून दूर, अधांतरी तरंगतो. विल्यम हॅम्नर या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने पुढे त्या रचनेत जेलीफिशसाठी सुधारणा केल्या. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जेलीफिशचे मोठे प्रदर्शन भरवले, आणि निळ्या पार्श्वभूमीवर तरंगणारा उजळ जेलीफिश हे दृश्य त्यानंतर जगभरच्या मत्स्यालयांत रूढ होत गेले. मागची भिंत निळ्या अर्धपारदर्शक पत्र्याची, तिच्यामागून येणारा सौम्य उजेड, आणि बाजूच्या किंवा वरच्या फटींतून प्राण्यावर पडणारी प्रखर तिरीप, अशी ही मांडणी असते. तिरीप मागच्या भिंतीवर पडत नाही, म्हणून भिंत गडद राहते आणि पारदर्शक शरीराची प्रत्येक वळी उजळते. स्टुडिओतली प्रकाशयोजना याहून फार वेगळी नसते.

म्हणजे मी बटण दाबते तेव्हा छायाचित्र बरेचसे काढून झालेले असते.

हे मला पहिल्यांदा नीट दिसले ते एका सकाळी, दालन उघडण्याच्या सुमारास, एका टाकीची सफाई चालू असताना. कर्मचाऱ्याने वरचे पांढरे कामाचे दिवे लावले आणि रंगीत दिवे बंद केले. अथांग निळाई गेली. तिच्या जागी एक फिकट, किंचित डागाळलेली मागची भिंत आली, तिच्यावरचा शेवाळाचा तपकिरी पापुद्रा दिसू लागला, पाणी आत सोडणारी नळी दिसली, टाकी किती उथळ आहे हे दिसले, आणि जेलीफिश जवळजवळ नाहीसे झाले. तिथे होते, पण शोधावे लागत होते. बारकाईने पाहिल्यावर पाण्यात पाण्याचाच एक घट्टसर आकार हलल्यासारखा वाटे, आणि मध्यभागी घोड्याच्या नालेच्या आकाराची चार फिकट वर्तुळके, म्हणजे त्यांच्या जननग्रंथी, तेवढ्या ओळखू येत. थोड्या वेळाने त्याने आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची नुकतीच उबवलेली पिल्ले पाण्यात सोडली. नारिंगी धुळीचा एक ढग टाकीभर पसरला. काही मिनिटांत त्या पारदर्शक शरीरांच्या मधोमध नारिंगी ठिपके जमू लागले, कारण प्राण्याने काय खाल्ले आहे ते बाहेरून सरळ दिसते. त्या पांढऱ्या उजेडात जेलीफिशच्या अंगावर ठळक म्हणावा असा तेवढाच रंग होता, आणि तोही त्याच्या भक्ष्याचा होता.

मी त्या वेळी काढलेली छायाचित्रे कोणालाही आवडलेली नाहीत. एका मैत्रिणीने ती पाहून, "हे आजारी आहेत का?" असे विचारले. त्यातले एकही मी भिंतीवर लावणार नाही, हे मीही मान्य करते. तरीही ती मी जपून ठेवली आहेत, आणि इतर छायाचित्रांची कोणी वारेमाप स्तुती केली, विशेषतः रंगांची, की मला ती आठवतात. "काय जांभळा पकडला आहेस!" असे म्हणतात तेव्हा आनंद होतो हे नाकारण्यात अर्थ नाही, पण जांभळा मी पकडलेला नसतो, तो छताजवळच्या एका दिव्याने सोडलेला असतो, आणि त्या दिव्याची वेळ कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेली असते. दाद ऐकताना दुसऱ्याच्या नावाचे पत्र आपण उघडून वाचत आहोत असे काहीसे वाटते.

पण रंगीत दिवे खोटे आणि पांढरा दिवा खरा, एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. कामाचा पांढरा दिवासुद्धा समुद्रात नसतो. उथळ पाण्यात वरून येणारा सूर्यप्रकाश असतो, तो खाली जाताना आधी लाल गमावतो, मग पिवळा, आणि पुढे निळाच तेवढा उरतो. सुमारे ९५ टक्के पाण्याने बनलेल्या शरीरातून तो प्रकाश फारसा न वळता आरपार जातो, कारण शरीर आणि भोवतालचे पाणी यांत प्रकाशाच्या दृष्टीने मोठा फरकच नसतो. खुल्या समुद्रात लपायला झाड नाही, दगड नाही, सावली नाही. तिथे लपण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे न दिसणे. ज्या प्राण्याच्या शरीराची सगळी रचना दिसू नये या दिशेने गेलेली आहे, त्याला आपण बाजूने तिरपा उजेड पाडून दिसायला लावतो आणि मग त्याच्या देखणेपणाने भारावून जातो. यात काही गैर आहे असे मला म्हणायचे नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर माणसे प्रेम करत नाहीत, आणि ज्यावर प्रेम नाही तिच्यासाठी टाक्या, पंप आणि पगारी माणसे कोणी ठेवत नाही. मात्र त्या सौंदर्यातला त्याचा वाटा किती आणि आपला किती, हे वेगळे काढायला गेले की हाताला काहीच लागत नाही.

खोल समुद्रात तर हा गुंता आणखी वाढतो. तिथले अ‍ॅटोलासारखे जेलीफिश गडद लाल असतात. वर आणून उजेडात धरल्यावर तो लाल इतका भरदार दिसतो की मुद्दाम सजल्यासारखा वाटतो. पण ते राहतात त्या खोलीवर लाल प्रकाश पोहोचतच नाही, आणि लाल प्रकाश नसेल तिथे लाल वस्तू काळी असते. म्हणजे त्या प्राण्याला हा रंग आहे तो काळे दिसण्यासाठी. पोटात गेलेले भक्ष्य चमकत राहिले तर त्याची चमक बाहेर फुटू नये, हेही लाल पोटाचे एक प्रयोजन असावे असे मानले जाते. अशा प्राण्याचा खरा रंग लाल म्हणावा की काळा? आपण दिवा घेऊन गेल्याशिवाय जो रंग अस्तित्वात येत नाही, तो त्याचा की दिव्याचा? त्या मुलीला मी हे सांगू शकले असते, पण तिचे समाधान झाले असते असे वाटत नाही. तिने पुन्हा शांतपणे तोच निकाल दिला असता.

कॅमेऱ्याच्या आधीच्या माणसांनाही या प्राण्याने असेच छळलेले आहे. पाण्याबाहेर काढला की त्याचा लगदा होतो, आणि मद्यार्कात ठेवला की रंग जातो, आकार आकसतो. एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहालयांना दाखवण्याजोगा जेलीफिश मिळेना, तेव्हा काचकारागीर लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्याचा मुलगा रुडोल्फ यांनी ड्रेस्डेनमध्ये ते काचेचे बनवायला सुरुवात केली. त्या प्रतिकृती आजही डब्लिनच्या, हार्वर्डच्या आणि इतर संग्रहांत आहेत, आणि छायाचित्रांतसुद्धा त्या काचेच्या आहेत यावर पटकन विश्वास बसत नाही. लिओपोल्डने पाण्यात चमकणारे जेलीफिश पाहिले होते ते १८५३ साली, अमेरिकेच्या प्रवासात, वारा पडून जहाज समुद्रात अडकून पडले असताना. त्याच्या आधीच्या काही वर्षांत त्याची पत्नी आणि मग वडील वारले होते. एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाची जेलीफिशची चित्रे त्याहून प्रसिद्ध आहेत. त्याची पत्नी आना झेटे १८६४ साली, नेमकी त्याच्या तिसाव्या वाढदिवशी वारली, आणि पुढे एका जेलीफिशला त्याने तिचेच नाव दिले, कारण त्या लांब स्पर्शिकांत त्याला तिचे केस आठवले. दोन माणसे, दोघांच्या पत्नींचे मृत्यू आणि एकच प्राणी, हा योगायोग माझ्या मनातून जात नाही, पण त्याचा अर्थ लावण्याचे मी टाळते. दोघांनीही जे घडवले ते प्राण्यापेक्षा अधिक रेखीव होते एवढे मात्र दिसते. हेकेलच्या चित्रांतला समतोल इतका निर्दोष आहे की प्रत्यक्षातला, एक बाहू थोडा तुटलेला आणि कड कुठेतरी कुरतडलेली असा जेलीफिश त्याच्यापुढे गबाळा वाटावा. माझ्याही हातून नकळत तेच होते. चौदा जेलीफिशांच्या टाकीत मी ज्याची किनार अखंड आहे त्याच्याच मागे लेन्स फिरवत राहते.

स्वतःच्या उजेडाने चमकणाऱ्यांबद्दल तरी शंका नसावी, असे वाटेल. तिथेही डोळा फसतो. कंगव्यासारख्या आठ पट्ट्यांनी पोहणारे कोम जेली टाकीत तरंगतात तेव्हा त्या पट्ट्यांवरून इंद्रधनुष्य धावत असते, आणि त्यांच्या छायाचित्रांखाली हमखास 'स्वयंप्रकाशी जीव' असे लिहिलेले आढळते. त्यांच्यातले अनेक खरोखर स्वतःचा प्रकाश निर्माण करू शकतात, पण ते इंद्रधनुष्य म्हणजे तो प्रकाश नव्हे. हलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या रांगांवर दिव्याचा उजेड पडून रंगांत फुटतो, इतकेच. दिवा मालवला की इंद्रधनुष्य संपते. (आणि हे प्राणी काटेकोर अर्थाने जेलीफिशही नव्हेत, पण दालनात त्यांना वेगळे कोण बसवणार?) याउलट एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशचा प्रकाश त्याचा स्वतःचा असतो, आणि तो मत्स्यालयात सहसा कोणालाच दिसत नाही, कारण तो अत्यंत मंद असतो, फक्त छत्राच्या किनारीवर असतो आणि प्राण्याला डिवचल्यावरच उमटतो. ओसामू शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ १९६१च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बर येथे असे सुमारे १०,००० जेलीफिश गोळा करून त्यांच्या किनारी कापत बसले होते. चमकणारे द्रव्य वेगळे करण्याचे प्रयत्न फसत होते. एकदा त्यांनी निरुपयोगी ठरलेला अर्क मोरीत ओतला, आणि तिथल्या समुद्राच्या पाण्याशी मिसळताच मोरी निळ्या प्रकाशाने झळकली. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम त्या प्रकाशाची कळ आहे, हे त्यातून उलगडले. त्याच प्राण्यात त्यांना दुसरे एक हिरवे प्रथिन सापडले. ते स्वतः काही उजळत नाही, निळा प्रकाश घेऊन हिरवा परत करते. पुढे त्या हिरव्या प्रथिनानेच जिवंत पेशींच्या आतले व्यवहार पाहण्याची सोय झाली आणि २००८ साली शिमोमुरांना, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर चेन यांच्याबरोबर, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उजेड घेऊन वेगळ्या रंगाने परत करणे हे या प्राण्याचे इतके जुने कसब आहे, हे वाचल्यापासून दालनातल्या एलईडी दिव्यांवरचा माझा राग थोडा निवळला.

आणि त्या दिव्यांमुळे काय घडू शकते याचे एक उदाहरण मला फार आवडते. जपानमधल्या त्सुरुओका शहराचे कामो मत्स्यालय १९९०च्या दशकात बंद पडण्याच्या बेतात होते. १९९७ साली तिथल्या एका टाकीत, प्रवाळांबरोबर आलेली जेलीफिशची पिल्ले आपसूक दिसू लागली. कर्मचाऱ्यांनी ती वाढवली, लोक पाहायला आले, मग त्यांनी आणखी जाती आणल्या, आणि २०१२ साली सर्वाधिक जातींचे जेलीफिश दाखवणारे मत्स्यालय म्हणून गिनेसने त्याची नोंद केली. २०१४ साली नवी इमारत उघडली तेव्हा तिच्यात पाच मीटर व्यासाची एक टाकी होती आणि तीत हजारो मून जेली. त्या टाकीची छायाचित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि जवळजवळ सगळी एकसारखी आहेत. समोर एका माणसाची काळी आकृती आणि तिच्यापुढे शुभ्र ठिपक्यांनी गच्च भरलेले निळे वर्तुळ. एका जेलीफिशच्या चेहऱ्यामोहऱ्याचा, म्हणजे जो त्याला नाहीच त्याचा, शोध तिथे कोणी घेत नाही. मला ती छायाचित्रे आवडतात, आणि मी तिथे गेले तर काढीन ती वेगळी असतील अशी घमेंड मला नाही.

घरी आल्यावर संगणकासमोर खरी परीक्षा सुरू होते. रॉ फाइल उघडली की व्हाइट बॅलन्सची एक पट्टी समोर येते, आणि ती डावीकडे-उजवीकडे सरकवली की तोच जेलीफिश बर्फासारखा गार किंवा मेणासारखा उबदार होतो. इतर छायाचित्रांत माझ्याकडे आधार असतो. भिंत पांढरी होती हे मला माहीत असते, माणसाची कातडी कशी दिसायला हवी याची कल्पना असते. येथे आधाराला काहीच नाही. ज्याचा स्वतःचा रंग नाही अशा वस्तूवर रंगीत उजेड पडलेला असताना 'योग्य' रंग कोणता, याचे उत्तर संगणकही देत नाही. तो फक्त आकडा मागतो. पूर्वी मी डोळ्यांना सुखावेल तो आकडा द्यायची. आता दिवा होता तसा राहू देते, आणि छायाचित्राच्या नावात दिव्याचा रंग लिहून ठेवते. पार्श्वभूमीवरचे पांढरे कण पुसण्याचीही पद्धत आहे. काही मिनिटांत काळोख स्वच्छ, मखमली होतो. मी मोठे बुडबुडे आणि काचेवरचे ओरखडे पुसते, पण नारिंगी कण ठेवते, कारण ते त्याचे जेवण आहे. या फरकामागे काही मोठे तत्त्व आहे असे नाही. एखाद्याच्या ताटातले उचलून घ्यायला माझा हात धजत नाही, एवढेच.

सध्या माझ्या डोक्यात वेगळेच छायाचित्र घोळते आहे. सफाईच्या त्या सकाळी कर्मचाऱ्याने मला मागची खोली दाखवली. तिथल्या शेल्फांवर साध्या काचेच्या भांड्यांत, बुडवलेल्या पट्ट्यांच्या खालच्या बाजूला, जेलीफिशची सुरुवातीची अवस्था, म्हणजे पॉलिप, चिकटलेली होती. दोन-तीन मिलिमीटर उंचीची, पांढुरकी, तोंडाभोवती केसांएवढ्या स्पर्शिका असलेली. दर्शनी टाकीतला मून जेली साधारण वर्षभर टिकतो. ही पॉलिप मात्र वर्षानुवर्षे राहतात, स्वतःच्या प्रती काढत राहतात, आणि पाणी गार केले की त्यांचे शरीर आडव्या चकत्यांत विभागते, एकावर एक रचलेल्या बशांसारखे, आणि वरची बशी सुटून पोहू लागते. आठ टोकांची ती चकती म्हणजे पुढे दालनात निळी-जांभळी होणारा जेलीफिश. खोलीत रंगीत दिवा नव्हता. फारसा उजेडच नव्हता, कारण उजेडात भांड्यांत शेवाळ माजते आणि पॉलिप गुदमरतात. "इथे कोणी फोटो काढायला येत नाही," असे तो म्हणाला. मी विचारले, मी आले तर चालेल का? त्याने थोडा विचार करून सांगितले की सफाईच्या दिवशी, उघडण्याच्या आधी, अर्धा तास या. भांडी हलवायची नाहीत आणि दिवा छोटा आणायचा.

तेव्हापासून मी आकडेमोड करते आहे. एवढ्या लहान विषयासाठी मॅक्रो लेन्स लागेल, आणि ती मला कोणाकडून तरी मागून आणावी लागेल. खऱ्या आकाराइतके मोठे चित्र घ्यायचे तर फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम मिलिमीटरभर असते. पॉलिपचे तोंड धरले तर स्पर्शिकांची टोके सुटतात. अ‍ॅपर्चर बंद करत नेले तर उजेड पुरत नाही, आणि उजेड वाढवायची परवानगी नाही. थोड्या थोड्या अंतराने अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र जोडायचा मार्ग आहे, पण त्यासाठी विषय स्थिर हवा, आणि पॉलिप अन्नाच्या शोधात स्पर्शिका सारख्या हलवत असतात. शिवाय भांडे गोल आहे, म्हणजे काटकोनात टेकवायला सपाट काचही नाही. वरून, उघड्या पाण्यातूनच काढावे लागेल, आणि पट्टीच्या खालच्या बाजूचे वरून कसे दिसणार हे मला अजून सुचलेले नाही. कदाचित एक छोटा आरसा पाण्यात तिरपा ठेवता येईल. त्याला विचारायला हवे.